देवाच्या कामात 'अंतिम दिवस' लिहायचं नसेल तर काय लिहायचं?

शाईचा_डाग

नागपूरच्या महाल भागात माझं छपाईचं लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, फ्लेक्स, जे येईल ते. वडील खिळे जुळवायचे, मी माउस हलवतो.

परवा गल्लीतल्या मंडळाचा फ्लेक्स आला. सात दिवस ज्ञानेश्वरीचं पारायण, रोज हरिपाठ आणि कीर्तन, आठव्या दिवशी काला. पोरानं मजकूर व्हॉट्सअॅपवर टाकला, मी जसाच्या तसा लावला. दहा बाय सहा, भगव्यावर पिवळी अक्षरं. (माझी पसंती नाही, पण गिऱ्हाईक म्हणेल ते.) तळाला त्यानं लिहिलं होतं, 'अंतिम दिवस : रविवार'.

मंजुरीसाठी मंडळातल्या एक आजी आल्या, नातवाच्या स्कूटरवर मागे बसून. वय ऐंशीच्या वर. चष्मा पुसला, स्क्रीनला नाक लावलं आणि म्हणाल्या, "काहो बाबू, देवाच्या कामात अंतिम लिवतेत का? अंतिम तं संस्कार असते."

मी म्हटलं, 'समाप्ती' करतो. "समाप्त झालं मंग काय राह्यलं?" 'समारोप'? "तो शाळेच्या गॅदरिंगचा." 'शेवटचा दिवस'? यावर आजी काही बोलल्याच नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं. मग उठता उठता, "इचार करून ठेव, मी उद्या येतो."

रात्री दुकानातल्या जुन्या फायली उघडून बसलो. वीस वर्षांच्या पत्रिका आहेत त्यात. व्रताला उद्यापन, गणपतीला विसर्जन, शिबिराला समारोप, नोकरीला निरोप समारंभ, यज्ञाला पूर्णाहुती. काम एकच, आटोपणं. पण एकाचा शब्द दुसऱ्याला चालत नाही. साहेबांच्या सेवानिवृत्तीच्या कार्डावर 'उद्यापन' छापलं तर साहेब हसतील एकवेळ, पण मॅडम दुकानात येतील. आणि क्रियापदांचं तर विचारूच नका. शाळा सुटली म्हणजे संपली, गाडी सुटली म्हणजे सुरू झाली. बाजार उठला, पंगत उठली, यात वाईट काही नाही. दुकान उठलं म्हणा बरं!

तर, तुमच्याकडे काय काय म्हणतात ते लिहा. कोशातले शब्द माझ्याकडे आहेत, मला तोंडातले पाहिजेत. आजी उद्या अकराला येणार आहेत, जरा लवकर.

खिचडी_कढी

आजींना दुकानात मुद्रितशोधनाला ठेवून घ्या. पगार देऊ नका, चहा द्या. तुमच्या पत्रिका सुधारतील.

दोन_गावची

माहेर पुणे, सासर नागपूर, बावीस वर्षं इथं. शाळेत संस्कृत शिकवते, म्हणून राहवत नाही.

'सांगता' लिहा. हा शब्द 'सांगणे'वरून आलेला नाही. स + अंग = सांग, म्हणजे सगळ्या अंगांसह. त्याला 'ता' लागून सांगता. सांगोपांगमधलं सांग तेच. म्हणजे 'कार्याची सांगता झाली' याचा अर्थ ते थांबलं असा नाही, त्याचं कुठलंही अंग राहून गेलं नाही असा आहे. नैवेद्य, दक्षिणा, आरती, सगळं यथास्थित झालं, आता उठायला हरकत नाही. आजींना नेमकं हेच हवं असणार.

'इतिश्री'बद्दलही लोकांचा गोंधळ असतो. पोथीत अध्याय संपला की 'इति श्री...' अशी ओळ येते, तिचीच इतिश्री झाली. आणि कृपा करून 'अथपासून इथपर्यंत' लिहू नका. अथपासून इतिपर्यंत! नववीच्या पेपरांत दरवर्षी सापडतं.

शाईचा_डाग

ताई, मला आजवर वाटायचं, सगळं सांगून झालं म्हणून सांगता. किमान हजार पत्रिकांवर छापला असेल हा शब्द.

काटोल_लाईन

शेतकऱ्याचा शब्द घ्या: उलंगवाडी.

पुण्या-मुंबईच्या मित्रांना हा शब्द सांगितला की त्यांना एखाद्या गावाचं नाव वाटतं. उलंगवाडी कुठं आली, विचारतात. आमच्याकडं ती कुठं नसते, कधी असते. कपाशीचा हंगाम आटोपला, शेत मोकळं झालं, की उलंगवाडी झाली.

जरा सविस्तर सांगतो, कारण हे एका दिवसात होत नाही. पहिल्या वेचणीच्या आधी आमच्याकडं सीतादही करतात. शेतातच पऱ्हाटीपाशी, म्हणजे कपाशीच्या झाडापाशी पूजा, दहीभाताचा नैवेद्य, मग वेचणारणी ओटी बांधतात. पहिला वेचा पांढराशुभ्र निघतो. दुसराही बरा. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत बोंडं लहान होत जातात, धागा आखूड, कापसात पानांचा कचरा येतो, कवडी म्हणजे खराब कापूस निघते. मजुरी किलोवर असते, म्हणून शेवटच्या वेच्याला बाया नाखूश असतात. दिवसभर वाकून ओटी भरत नाही. तेव्हा घरधनी पाहतो की मजुरी जास्त आणि कापूस कमी होऊन राहिला, आणि म्हणतो, आता करा उलंगवाडी.

त्यानंतर जे राहतं ते कोणाचंही. सुटलेली बोंडं, पडलेला कापूस, ज्याला वेचायचा त्यानं वेचावा. सरवा म्हणतात त्याला. गावातली ढोरं शेतात सोडतात, कोणी हटकत नाही. आदल्या महिन्यात त्याच धुऱ्यावरून बकरी आत आली म्हणून भांडण झालेलं असते बरं. मग पऱ्हाट्या उपटायच्या, मोळ्या बांधायच्या, चुलीला वर्षभराचं जळण.

ज्याला ओलिताची सोय आहे तो उलंगवाडी लांबवतो, पाणी देऊन फरदड, म्हणजे त्याच झाडांचं पुन्हा पीक घेतो. आमच्या वडिलांनी कितीतरी वर्षं घेतली. पण २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भ झोपवला आणि तेव्हापासून कृषी विभागाचे लोक दर हिवाळ्यात येऊन सांगतात की फरदड घेऊ नका, वेळेवर शेत मोकळं करा. अळीला खायला बोंड मिळत राहिलं तर ती पुढच्या हंगामापर्यंत टिकते. म्हणजे वेळेवर उलंगवाडी न करण्याचा दंड आहे, आणि तो पुढच्या वर्षी भरावा लागतो. आमच्या घरानं भरला आहे.

एक रडगाणंही ऐकून घ्या. भाव कधी वाढतो? उलंगवाडी झाल्यावर. घरात गाठ मारायलाही कापूस उरला नसतो आणि पेपरात बातमी येते, कापसाला तेजी.

दोन_गावची

बावीस वर्षांत हा शब्द पेपरात वाचत आले, आणि अर्थ 'नुकसान' असा समजत होते! धन्यवाद दादा.

काटोल_लाईन

ताई, कधी कधी दोन्ही एकच असते.

सरळ_बोल

मला हे सगळं फुकटचं वाटते. संपलं ते संपलं. 'संपलं' म्हणायला काय भीती आहे राव? नारळ फुटला म्हणत नाही, वाढवला म्हणतो. बांगडी फुटली तर वाढली. मंगळसूत्र तुटलं तर तेही वाढलं. इतवारीतले जुने दुकानदार रात्री शटर ओढताना दुकान बंद करत नाहीत, 'दुकान बढ़ा दो' म्हणतात. नागपुरात मराठी असो की हिंदी, तुटलेलं, फुटलेलं, मिटलेलं सगळं वाढतच राहते. एवढं वाढून राहिलं तर आपण मागं काऊन?

खिचडी_कढी

घरून निघताना काय म्हणता हो तुम्ही? 'जातो' का 'येतो'?

सरळ_बोल

तो विषय वेगळा आहे.

सूपवाला

उमेदीची बरीच वर्षं हिवाळी अधिवेशनाच्या बातम्या लिहिण्यात गेली. दर डिसेंबरात शेवटच्या दिवशी मथळा ठरलेला असायचा: 'अधिवेशनाचे सूप वाजले'. मुंबईहून आलेल्या एका नव्या पोरानं एकदा विचारलं होतं, हे टोमॅटोचं का? आम्ही त्याला वर्षभर टोमॅटोच म्हणत होतो.

आमचे वडील सांगायचे, खळ्यावर धान्य पाखडून झालं की सूप उलटं करून हातानं थोपटायचं, कोंडा-माती झाडायची. तो आवाज आला की शेजारच्या खळ्याला कळायचं, यांचं आटोपलं. सुपाचा दुसरा आवाज लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्रीनंतरचा, घरातून अलक्ष्मी हाकलताना वाजवतात तो. अधिवेशनाला यातलं कोणतं सूप लागू पडतं हे मी बातमीत कधी लिहिलं नाही.

सभागृहाची स्वतःची भाषा मात्र अगदी काटेकोर. दिवसाचं काम थांबलं तर बैठक 'तहकूब'. अधिवेशन आटोपलं की 'संस्थगित'. विधानसभेची मुदतच संपवली तर 'विसर्जित'. विधान परिषद मात्र कधीच विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षांची, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, सभागृह चालूच. आणखी एक: संस्थगित करताना पुढच्या अधिवेशनाची तारीख आणि ठिकाण वाचून दाखवतात. म्हणजे निघताना 'येतो' म्हणणं तिथंही आहे. फक्त पुढचं ठिकाण मुंबई असतं.

त्या संध्याकाळचं नागपूर पाहण्यासारखं असतं. सकाळपर्यंत सिव्हिल लाइन्समध्ये पाय ठेवायला जागा नसते, रात्री आठला रस्त्यावर दोरखंड, बांबू, चहाचे कागदी पेले आणि अर्धवट फाडलेले स्वागताचे फ्लेक्स. मंडपवाला खुर्च्या मोजतो आणि शिव्या घालतो, कारण दरवर्षी कमी भरतात.

शाईचा_डाग

त्या फाडलेल्या फ्लेक्सपैकी दोन माझे असतात. पैसे अजून यायचे आहेत. यालाही शब्द असेल तर सांगा.

सूपवाला

'विचाराधीन'.

भुलाबाईचा_खाऊ

कुणीच कसं लिहिलं नाही, शिरवणे!

लग्न होऊन ठाण्याला गेले. पहिल्या वर्षी दीड दिवसाचा गणपती. मी सासूबाईंना विचारलं, "आई, गणपती किती वाजता शिरवायचा?" सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. नणंदेला वाटलं, कुठंतरी आत शिरवायचा आहे, कपाटात वगैरे. त्यांच्याकडे विसर्जन, फार तर 'बोळवण'. मग मी समजावलं की आमच्याकडे गणपती शिरवतात, घट शिरवतात, भुलाबाई शिरवतात. हिंदीत सिराना म्हणतात ना, तेच. पाण्यात थंड करायचं, सोडून द्यायचं. अस्थीसुद्धा शिरवतात, हे त्या दिवशी सांगितलं नाही. तेवढी अक्कल होती.

भुलाबाईवरून आठवलं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर आम्ही पोरी रोज संध्याकाळी घरोघरी गाणी म्हणत फिरायचो. गाणी झाली की खिरापत ओळखायची. आई डबा कानाशी हलवून दाखवायची. खुळखुळ आवाज आला तर दाणे किंवा फुटाणे, धपधप आला तर शिरा किंवा लाडू, आणि काहीच वाजलं नाही तर सगळ्यांचा अंदाज केळी. शेवटच्या दिवशी मात्र ओळखायचं काही नसायचं, कोजागिरीचं दूध सगळ्यांना माहीत. त्या दिवशी गाणी मुद्दाम हळू म्हणायचो. दुसऱ्या दिवशी मातीचे भुलाबाई-भुलोजी शिरवायला निघालो की मी नेहमी मागे राहायची.

आता ठाण्यात माझी मुलगीही 'शिरवायचा' म्हणते. सासूबाईसुद्धा म्हणायला लागल्या आहेत, पण फक्त मी नसताना.

शेंडेफळ_७

सात भावंडांत मी सातवा. घरात मला कोणी 'शेवटचा' म्हटल्याचं आठवत नाही. शेंडेफळ. शेवटच्या फळाला शेंड्यावर नेऊन बसवलं की त्याला पडायची भीती पण राहते आणि भाव पण. बाकी अभ्यास चालू द्या.

मोडी_वाचक

छपाईवाल्या दादांना उपयोगी पडेल म्हणून लिहितो. जुन्या मोडी कागदांत शेवट कुठे झाला हे दाखवण्याची पक्की सोय असे. कागदाच्या डोक्यावर मुख्य मुद्रा, म्हणजे शिक्का. आणि मजकूर जिथे संपला तिथे लहान मुद्रा, तिचं नाव मोर्तब. मोर्तबाखाली कोणी एखादी ओळ घुसडली तर ती खोटी हे लगेच कळे. वर शिक्का, खाली मोर्तब, म्हणून 'शिक्कामोर्तब'. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटच्या मुद्रेवरचे शब्द आहेत, 'मर्यादेयं विराजते'. ही मर्यादा इथे शोभते आहे. इथे पत्र संपलं एवढंच सांगायचं होतं, त्यासाठी हे दोन शब्द! पुढे पेशवाईत 'लेखनसीमा' आली. तीही सीमाच.

आपल्या गावापुरता एक शब्द राहतो, 'खालसा'. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले, वारस नाही असं म्हणून डलहौसीनं १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. खालसा म्हणजे मुळात थेट सरकारच्या मालकीचं. म्हणजे शब्द कंपनीच्या बाजूचा आहे. त्यांच्या वहीत ती जमा आहे. आपण मात्र शाळेत तो 'संपलं' याच अर्थी शिकतो.

सूपवाला

याला जोड. १९५६ मध्ये जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी इथून गेली. जुन्या माणसांच्या तोंडून मी 'राजधानी संपली' असं कधी ऐकलं नाही. 'राजधानी गेली' म्हणत, घरातलं कोणी कामाला परगावी गेलं असावं तसं.

निळी_पहाट

इंदोऱ्याहून, नागपुरातल्याच. वर तेरवीचा उल्लेख अजून कोणी केला नाही, पण येईलच, म्हणून आधीच लिहितो.

आम्हा बौद्धांकडे तेरवी नसते. जलदान विधी आणि पुण्यानुमोदन. माणूस गेल्यावर त्याच्या नावानं दान करायचं, वंदना घ्यायची, त्याच्या पुण्याचं अनुमोदन करायचं. वडील गेले तेव्हा ज्या दुकानात पत्रिका टाकली (नाव सांगत नाही, तुमचं नव्हतं), त्यानं सवयीनं 'तेरवी' छापलं आणि वर गणपती. तीनशे पत्रिका. मी परत केल्या. तो म्हणाला, भाऊ, अर्थ तर तोच होते ना! नाही होत. १४ ऑक्टोबर १९५६ ला माझे आजोबा दीक्षाभूमीवर उभे होते. त्यांनी त्या दिवशी जे सोडलं त्यात हे शब्दही होते. नवे घ्यायला किती कष्ट पडले असतील त्या पिढीला, याचा विचार करा. शोक करतानाही शब्द बदलून बोलायचं.

६ डिसेंबरला आम्ही पुण्यतिथी म्हणत नाही. महापरिनिर्वाण दिन. घरात पाचवीतल्या पोरालाही हा शब्द नीट लिहिता येते, र्वा सकट.

शाईचा_डाग

दादा, असे अर्थ 'तोच' नसतात हे मी तीन-चार वर्षांपूर्वी शिकलो, माझ्याच चुकीतून. आता इंदोरा, पाचपावलीकडची पत्रिका आली की मजकूर फोनवर वाचून दाखवतो, मगच छापतो. अशोकचक्राचे आरेसुद्धा मोजतो, चोवीस.

निळी_पहाट

मग पुढच्या वेळी तुमच्याकडेच. म्हणजे लग्नाची पत्रिका म्हणतोय, बहिणीची.

जामठा_वारी

क्रिकेटवाले झोपले का? नोव्हेंबर २००८, जामठ्याच्या नव्या स्टेडियममधली पहिलीच कसोटी, आणि सौरव गांगुलीची शेवटची. स्टेडियमचा ओनामा आणि दादाची भैरवी एकाच सामन्यात. पहिल्या डावात ८५, आम्ही शंभरासाठी घसा फोडत होतो. दुसऱ्या डावात पहिल्याच चेंडूवर शून्य. शेवटी ऑस्ट्रेलियाची पडझड चालू असताना धोनीनं थोडी षटकं कप्तानी दादाकडं दिली. माझ्या बाजूला बसलेले काका, पेपरमिलमधून रिटायर्ड, म्हणाले, "आमाले असं कोणी पाच मिंटं साहेब नाही केलं."

याला निवृत्ती म्हणतात. अवांतर: चार भावंडांतल्या थोरल्याचंच नाव निवृत्ती, हे फक्त आपल्याकडंच.

साडेतीनचा_सा

भैरवीचं नाव निघालंच आहे तर. भैरवी मुळात सकाळची, पण मैफलीत ती घड्याळ पाहत नाही. रात्री अकराला मैफल संपणार असेल तर अकराला भैरवी. तिच्यानंतर कोणी गात नाही. श्रोत्यांतून कोणी फर्माईश केली तरी गायक हात जोडतो. त्यामुळे तंबोरे भैरवीला लागायला लागले की जाणते लोक चपला कुठं काढल्या ते आठवू लागतात.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक याच्या उलट. वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांची नाटकं, दिवाळीनंतर मंडईच्या म्हणजे जत्रेच्या निमित्तानं, शंकरपटाच्या म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या निमित्तानं गावोगाव. रात्री दहाला पडदा वर आणि खाली यायला पहाट. मी एकदा ब्रह्मपुरीच्या बाजूला पेटी वाजवायला गेलो होतो. तिसऱ्या अंकाला थंडीनं बोटं चालेनात, तेव्हा एकानं शेकोटीतला गरम खडा फडक्यात बांधून दिला, तो मांडीवर ठेवून वाजवलं. नाटक संपलं कसं कळलं? लोक घोंगड्या झटकायला लागले. धुकं होतं, त्यात ते घोंगडी झटकल्याचे आवाज आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटा. इकडं 'पडदा पडला' म्हणत नाहीत, 'नाटक सुटलं' म्हणतात.

उमरेड_पॅसेंजर

नागभीडची छोटी गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली. त्या आठवड्यात आम्ही चौघे मित्र मुद्दाम उमरेडपर्यंत बसून गेलो, काही काम नव्हतं. रेल्वेच्या कागदात कुठंही 'शेवट' नाही. 'आमान परिवर्तन'. रूळ रुंद होणार, म्हणजे वाढणारच की! सरळ_बोल भाऊंची यादी पूर्ण करा.

कर्जबाजारी_राव

सोसायटीचं कर्ज फिटल्यावर जो कागद मिळतो त्याला 'बेबाकी' म्हणतात. मला कोणत्याही सांगतेपेक्षा हा शब्द जास्त आवडते. अजून मिळाला नाही.

मारबत_गल्ली

आमच्या इतवारीत शेवट हळू आवाजात होतच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे मोठे पुतळे, सोबत बडगे, तेही पुतळेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून निघून राहिली. गावातली रोगराई, खोकला, महागाई, ज्याचा ज्याच्यावर राग असेल ते सगळं तिच्या गळ्यात घालायचं आणि ओरडायचं, "घेऊन जा गे मारबत!" मग तिला गावाबाहेर नेऊन जाळायचं. कोरोनाला घालवताना घरच्या घरी सुपातून ओरडलो होतो आम्ही. 'संपलं' म्हणायची हिंमत नव्हती, 'घेऊन जा' म्हणायची होती.

लहानपणी मी गणिताचे मास्तर घेऊन जा म्हटलं होतं. नाही नेले. दहावीपर्यंत तेच होते.

सरळ_बोल

कबुली देतो. काल रात्री आईशी बोलून फोन ठेवताना मुद्दाम 'ठीक आहे, जातो' म्हणून पाहिलं. तिनं नंतर दोनदा फोन केला. जेवलास का, तब्येत बरी आहे ना, ऑफिसात काही झालं का. शेवटी 'येतो' म्हटलं तेव्हा झोपली. प्रयोग थांबवला आहे. संस्थगित.

दोन_गावची

शाईचा_डाग, अकरा वाजून गेले. आजी आल्या का?

शाईचा_डाग

आल्या, साडेदहालाच. मी दोन नमुने काढून ठेवले होते. एकावर 'सांगता : रविवार', दुसऱ्यावर 'काल्याचे कीर्तन व महाप्रसाद : रविवार', शेवटाचा शब्दच नाही. ताईंनी सांगितलेलं सगळं, स अधिक अंग वगैरे, आजींना ऐकवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माह्या सासूबाई बी सांगताच म्हणत. पण काला आला म्हंजे लोकाईले समजते ना बाबू. दोनदा काऊन सांगायचं?"

दुसरा नमुना पास झाला. काटोलच्या दादांची उलंगवाडीही सांगितली होती, गंमत म्हणून. आजी माहेरच्या नरखेडच्या निघाल्या. दहा मिनिटं सरव्याच्या गोष्टी सांगितल्या. लहानपणी सरव्याचा कापूस विकून घेतलेल्या बांगड्या, त्या कोणत्या रंगाच्या होत्या ते सुद्धा. नातू बाहेर हॉर्न वाजवत होता.

फ्लेक्स छापायला सोडला. शाई वाळायच्या आत आजींचा फोन, नातवाच्या मोबाइलवरून. "काहो, महाप्रसाद किती वाजता हे तं लिवलंच नाही." खरंच नव्हतं लिहिलं. आता वरून पट्टी चिकटवतो आहे, 'दुपारी १२ ते ३'.

खिचडी_कढी

कोणत्या गल्लीत? येतो.